अंगठाबहाद्दर

बारावीचा निकाल लागला त्या रात्री जेवताना आमच्या कन्येनं मला विचारलं, "बाबा, तुमची पॅशन काय होती?"

मी आमटी भुरकत होतो. "कशातली?" मी विचारलं.

"कशातली काय? आयुष्यातली! बी.कॉम. झालात तेव्हा तुम्हाला आतून काय करावंसं वाटत होतं?"

आता खरं सांगायचं तर बी.कॉम. झालो तेव्हा मला आतून फक्त भूक लागत असे. वडिलांनी चार बँकांचे अर्ज आणून ठेवले होते. तिघींनी मला नाकारलं, चौथीनं पदरात घेतलं. मी कायम झालो त्या दिवशी वडिलांनी पेढे वाटले, आईनं सत्यनारायण घातला आणि शेजारच्या काकूंनी आपल्या भाचीची पत्रिका पाठवली. (ती भाची आता मला आमटी वाढते.) एवढ्या सगळ्यांना एका दिवसात आनंद देणारी दुसरी कुठली पॅशन मला तरी ठाऊक नाही. म्हणून मी प्रामाणिकपणे सांगितलं, "परमनंट होणं."

संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या प्राण्याकडे बघावं तसं कन्येनं माझ्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "अजून वाढू का थोडी?" आमच्या घरी जीवनविषयक प्रश्नांची चर्चा साधारणपणे इथपर्यंतच जाते.

पण तो प्रश्न काही आमटीबरोबर पचला नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर लोकलनं आला आणि कौंटरवर येऊन बसला. भरती झालो तेव्हा मी क्लार्क होतो. मग काही वर्षं मला सिंगल विंडो ऑपरेटर म्हणत. आता मी कस्टमर सर्व्हिस असोसिएट आहे. खिडकी तीच, खुर्ची तीच, खुर्चीचं मोडकं चाकही तेच. या बावीस वर्षांत मी आतून काय केलं, याचा विचार करू लागलो की नेमका कोणीतरी पासबुक पुढे सरकवी.

उत्तर मिळालं ते डिसेंबरात, नागझिऱ्याला. आणि तेही पालथं पडल्यावर.

नागझिऱ्याला जायचं ठरलं ते माडगूळकरांमुळे. व्यंकटेश माडगूळकर त्या जंगलात जाऊन राहिले आणि परत येऊन त्यांनी 'नागझिरा' हे पुस्तक लिहिलं. कॉलेजात असताना मी ते वाचलं आणि तेव्हापासून "एकदा जायचं" असं म्हणत होतो. मध्यमवर्गीय माणसाची 'एकदा जायची' ठिकाणं पुष्कळ असतात, त्यांतलं हे एक. यंदा बँकेच्या प्रवास-सवलतीची मुदत संपत आली होती. फुकट जाणारी सवलत डोळ्यांदेखत बुडू देणं हे माझ्या पेशाला शोभणारं नव्हतं. आम्ही तिघं कल्याणला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरलो.

नागझिरा हे अभयारण्य १९७० सालचं. आकार बेताचाच, सुमारे १५३ चौरस किलोमीटर. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख भंडाऱ्याचा होता आणि २०१३ साली शेजारच्या नवेगावसह इथं व्याघ्रप्रकल्प झाला. 'जय' नावाचा तो सुप्रसिद्ध वाघ मूळचा इथलाच. तो इथून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, देशभर गाजला आणि २०१६ साली जो नाहीसा झाला तो झालाच. बदली मागून घेणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे आमच्या खात्यातही मी पाहिलेलं आहे.

चोरखमाऱ्याच्या बाजूला एका लहानशा निवासात आम्ही उतरलो होतो. पहाटे पाचला उठून, असतील नसतील ते स्वेटर अंगावर चढवून उघड्या जिप्सीत बसलो. तास-दीड तास खड्ड्यांतून आदळत गेल्यावर कुठंतरी एक चितळ ओरडलं. गाईड कुजबुजला, "कॉल!" सगळे एकदम मागे वळले. मीही वळलो. फक्त माझी कंबर माझ्याबरोबर वळली नाही.

पाठीत उसण भरली. ज्यांच्या पाठीत ती कधी भरली असेल त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांच्या भरली नसेल त्यांना सांगून कळायचं नाही. कन्येला वाघ दिसला. हिला निदान शेपटी दिसली. मला माझे गुडघे दिसले. वाघ रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होतो.

मुक्कामावर आलो तो काटकोनात. तिथल्या स्वयंपाक्यानं मला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्यात कोनी पायाळू आहे काय जी?" जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं उसण भरलेल्या जागी लाथ मारली की उसण जाते, हा समज डोंबिवलीपासून गोंदियापर्यंत अखंड पसरलेला आहे. आमची ही पायाळू नाही. पण लाथ मारायची तिची तयारी दिसली. तेव्हा मीच घाईघाईनं म्हणालो, "दुसरा काही उपाय?"

"मंग मामाजीले बलावतो."

मामाजी सायकलवरून आले. पंचावन्नच्या पुढचे, अंगानं किरकोळ, डोक्याला मफलर. हँडलला पिशवी, पिशवीत एक बाटली. बाटलीत मोहाच्या बियांचं तेल होतं. थंडीनं ते तुपासारखं थिजलं होतं. त्यांनी ती चुलीजवळ ठेवली आणि स्वतःचे हातही तिथंच शेकत बसले.

"किती घ्याल?" मी काटकोनातूनच विचारलं.

"पाचशे जी."

माणूस दुखण्यानं वाकला म्हणून त्याचा स्वभाव वाकत नाही. मी म्हणालो, "आमच्याकडे डोंबिवलीत घरी येऊन तीनशे घेतात." डोंबिवलीत कोण किती घेतं याची मला काडीइतकीही कल्पना नाही. पण 'आमच्याकडे' हा शब्द ठासून उच्चारला की भाव उतरतो, असा माझा भाजीबाजारातला अनुभव आहे.

मामाजी क्षणभर विस्तवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं जी. तीनशे."

कन्या खोलीच्या दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

मला वाटलं, आता आडवा करून हा माणूस रगडायला लागेल. पण मामाजींनी आधी चौकशी मांडली. कळ पायात उतरते का? पायाला मुंग्या येतात का? लघवीला काही त्रास? पायातला जोर गेल्यासारखा वाटतो का? मी सगळ्याला नाही म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "मंग हात लावतो. त्यातलं एक जरी असतं तर मी नसता लावला. डाक्टरकडे धाडलं असतं." तीनशे रुपये समोर दिसत असताना "हे माझं काम नव्हे" असं म्हणायची तयारी ठेवून आलेला माणूस मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. आमच्याकडे हे वाक्य फार वापरतात, पण ते वेगळ्या अर्थानं.

मग त्यांनी हात लावला. माझी समजूत अशी, की जिथं दुखतं तिथं दाबायचं, याला मालिश म्हणतात. मामाजींनी दुखतं तिथं सोडून बाकी सगळीकडे दाबलं. खांदे पाहिले, बरगड्यांच्या कडा पाहिल्या, मांडीची मागची बाजू पाहिली. मणक्यावर बोट टाकलं नाही, त्याच्या दोन्ही अंगांनी बोटभर अंतर राखून खाली उतरले. मला आमच्या शाखेतले जुने हेडकॅशियर आठवले. दिवसाचा हिशेब जुळला नाही, की ते ज्या पानावर चूक वाटे त्या पानाला हातच लावत नसत. आजूबाजूची सगळी पानं शांतपणे तपासून येत आणि मग त्या एका आकड्यावर पेन्सिल टेकवून म्हणत, "हा बघ, इथं बसलाय चोर." मामाजींचा अंगठा तसाच फिरत फिरत आला आणि कमरेच्या डाव्या अंगाला एका जागी थांबला. दाबला नाही. नुसता थांबला. त्यांचे डोळे मिटलेले होते. आणि काही वेळानं तिथं काहीतरी, खूप दिवस धरून ठेवलेलं, सैल होऊन गेलं.

माझ्या तोंडून एक आवाज निघाला. शेजारच्या खोलीतून ही म्हणाली, "काय हो? काय झालं?" बावीस वर्षांच्या संसारात असा आवाज तिनं ऐकलेला नव्हता.

दुखणं सुटलं की माणसाचं तोंड सुटतं. मी पालथ्या पालथ्या मामाजींची मुलाखत घेतली. ही विद्या त्यांच्या आजीची. आजी गावातल्या बाळंतिणींना न्हाऊ घालायची, पोरांची अंगं चोळायची. "मग तुम्हाला लहानपणापासून आवड होती तर!" मी विचारलं. माझ्या मनात कन्येचा प्रश्न होताच.

"आवड कायची जी? आजीचे हात थकले. लोक दारी यायचे. मंग मी लागलो." थोडं थांबून ते म्हणाले, "आवड मागून आली. एक लेकरू चार रात्री रडत होतं. मी त्याच्या पोटाले, पायाले तेल लावलं. ते हातावरच झोपलं. तवा गोड वाटलं जी. त्याच्या आधी नाही वाटलं."

पुढे कोणीतरी त्यांना नागपूरला नेलं. काचेचं दार, मंद बासरी, गणवेश. तिथं मामाजींना 'थेरपिस्ट' ही पदवी मिळाली. नावात काय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पाटण्याच्या दीन महंमदाचं उदाहरण लक्षात घ्यावं. १७५९ साली जन्मलेला हा गृहस्थ. त्यानं १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचं खाणावळवजा कॉफी हाउस काढलं, ते चाललं नाही. मग ब्रायटनला जाऊन त्यानं गोऱ्या लोकांची अंगं चांपायला सुरुवात केली. आपली साधी चंपी. पण तिथं तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला, आणि थेट चौथ्या जॉर्ज राजाच्या अंगाला हात लावू लागला. त्या चांपण्याचाच पुढे 'शाम्पू' झाला, आणि आता आपण तो एक रुपयाच्या पुडीतून परत विकत घेतो.

"मग नागपूर सोडलं का?" मी विचारलं.

"तिथं घड्याळ होतं जी. साठ मिनिटं. पाठीवर इतक्या वेळा, पायावर इतक्या वेळा. मानूस कोनी येवो. मोठा ट्रकवाला आला तरी तेवढंच, नवीन बाळंतीन आली तरी तेवढंच. अंगं येगयेगळी, अन् हात एकच. बारा वर्षं केलं. मंग माय बिमार पडली, आलो परत." आता ते सकाळी गावातल्या लोकांचं करतात. कोणी पैसे देतं, कोणी तांदूळ. सीझनमध्ये संध्याकाळी आमच्यासारखे काटकोनी पर्यटक.

मला एकदम 'मृच्छकटिक' आठवलं. त्यात एक संवाहक आहे, म्हणजे अंग चेपणारा. मूळचा पाटलिपुत्राचा. उज्जयिनीत येऊन चारुदत्ताच्या पदरी राहतो. चारुदत्त गरीब होतो तशी याची नोकरी जाते, मग हा जुगारात हरतो आणि पळत पळत वसंतसेनेच्या घरात शिरतो. ती त्याला धंदा विचारते. तो सांगतो तेव्हा ती म्हणते, की फार नाजूक कला शिकलास. त्यावर तो काय म्हणतो पाहा. शिकलो तेव्हा ती कला होती, आता ती पोटापाण्याची सोय झाली आहे, अशा अर्थाचं बोलतो. नोकरी करणाऱ्या प्रत्येक माणसाचं चरित्र शूद्रकानं त्या बिचाऱ्याच्या तोंडी घातलं आहे. संगीत शिकलेला माणूस शाळेत हार्मोनियम वाजवायला लागतो, चित्रकार साबणाच्या वेष्टनावर बाई काढायला लागतो. कलेची भाकरी झाली की कला कमी होते, असं आपण धरून चालतो.

मामाजींचं मात्र उलट झालं होतं. त्यांनी भाकरीपासून सुरुवात केली आणि कला मागून आली. मला हे इतकं थोर वाटलं, की मी उत्साहानं मान वर करून म्हणालो, "मामाजी, हे नुसतं काम नाही. ही कला आहे, कला!"

"हो जी," मामाजी म्हणाले. "पन लोकांनी कला म्हनलं का पैसे कमी भेटतात. म्हनून मी कामच म्हनतो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, कारण टोमण्याला टोमणा देता येतो. मी मान खाली घातली. पालथ्या माणसाला ती फार खाली घालता येत नाही.

आता त्यांनी माझा उजवा हात घेतला. तळवा, मनगट, मग एकेक बोट. अंगठ्यापाशी आले आणि थांबले. "तुमी काय शिवनकाम करता, का नोटा मोजता जी?"

मी उडालोच. बँकेचं नाव मी काढलं नव्हतं. हिनं काढलं नव्हतं. "कशावरून?"

"हा अंगठा दिवसभर एकच काम करते. ही शीर सांगते."

वाचकहो, इथं मला थोडी आत्मस्तुती करू द्या, कारण ती करायची संधी बँकेत मिळत नाही. नोट हाताळणाऱ्याच्या अंगठ्याला डोळे असतात. गांधीजींच्या चित्राचा उठाव, कागदाचा ताठपणा, पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना अंधांसाठी असलेल्या त्या पाच तिरक्या उंच रेघा, हे सगळं तो मोजता मोजता वाचत असतो. बंडलात एखादी बनावट नोट असली तर अंगठा आधी अडतो आणि का अडला ते डोक्याला मागून कळतं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा आमचं मोजणी यंत्र दमून बंद पडलं होतं, आणि मी रात्री दहापर्यंत हातानं मोजत होतो. अंगठा सुजून लिंबाएवढा झाला, पण एक रुपयाचाही फरक आला नाही. त्या रात्री घरी येताना मला फार गोड वाटलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मलाच वाटलं नव्हतं. माझ्या आयुष्यातली ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली असेल तर ती मामाजींच्या, तीही अंधारलेल्या खोलीत, डोळे मिटून.

मी खुशीत येऊन म्हणालो, "होय, मी बँकेत असतो."

"मंग एक विचारतो जी." मामाजी पुन्हा पाठीकडे वळले. "माहा अंगठा मशिनीत येत नाही. तेलानं, रगडून रगडून त्याच्यावरच्या रेघा गेल्या. पैसे काढाले गेलो का मशीन म्हनते, हा तो मानूस नव्हे. दोनदा वापस आलो. तुमच्याकडे येते का जी असं कोनी?"

"येतात."

"मंग तुमी काय करता?"

काय करतो? मी काय करतो ते मला पक्कं ठाऊक होतं. मी यंत्राकडे बघतो, माणसाकडे बघत नाही, आणि म्हणतो, "अंगठा जुळत नाही. उद्या या." मागे रांग असते, पुढे चहा असतो. ज्यांच्या रेघा गेलेल्या असतात ते सगळे हातानं कामं करणारे असतात. भांडी घासणारे, विटा उचलणारे, धान लावणारे. ते वाद घालत नाहीत. उद्या येतात.

मी म्हणालो, "करतो काहीतरी. बघतो. सोय करून देतो."

मामाजींचा अंगठा माझ्या पाठीवर थांबला. "पाठ कडक केली जी तुमी," ते म्हणाले. "सोडा."

माणसानं तोंडानं कितीही खोटं बोलावं. पाठीला ते जमत नाही. आमच्या व्यवस्थापकांनी वार्षिक मूल्यमापनासाठी मामाजींना नेमलं तर शाखेत कोणी वाचणार नाही.

उठून बसलो तर पाठ सरळ. मी पाकीट काढलं आणि पाचशेची नोट मामाजींच्या हातात ठेवली. त्यांनी कनवटीतून शंभराच्या दोन नोटा काढून मला परत दिल्या.

"राहू द्या हो, मामाजी."

"बोली तीनशेची होती जी."

"पण काम पाचशेचं झालं!"

"ते झालंच. पन बोली तीनशेची होती."

सायकलला पिशवी अडकवून ते गेले. मी हातात दोनशे रुपये घेऊन उभा. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. कन्या शेजारी येऊन म्हणाली, "बाबा, डोंबिवलीत खरंच तीनशे घेतात?" हा प्रश्नही मी त्याच खात्यात टाकला.

त्या रात्री बाहेर जंगल काळंभोर होतं, आणि माझी पाठ इतकी हलकी होती की झोप येईना. मी विचार करत पडलो. सेना न्हाव्याची कथा लहानपणी आजीनं सांगितली होती. सेना पूजेत दंग होता आणि राजाचं बोलावणं आलं, तेव्हा साक्षात पांडुरंग त्याचं रूप घेऊन गेला आणि त्यानं राजाच्या अंगाला तेल लावलं. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसली. तोच पांडुरंग दामाजीपंतांसाठी विठू बनून बिदरला गेला, सगळी रक्कम भरली आणि रीतसर पावती घेऊन आला. म्हणजे माझं आणि मामाजींचं, दोघांचंही काम देवानं एकेकदा करून पाहिलेलं आहे. त्याची पॅशन काय होती, हे त्याला कोणी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एवढंच असावं, की एका माणसाचं काम अडलंय.

मला वाटतं, आमची कन्या विचारते तिथं चूक नाही. ती शोधते ती जागा चुकीची आहे. कला आधी मनात सापडते आणि मग तिला साजेशी नोकरी बघायची, असा तिचा हिशेब. मामाजींचा हिशेब असा, की काम कुठलंही असो, समोर आलेलं अंग कालच्या अंगासारखं नाही, एवढं ज्याच्या हाताला कळलं त्याचं काम कला झालं. ज्याला नाही कळलं, त्याच्याकडे काचेचं दार आणि बासरी असली तरी ती साठ मिनिटंच. पण दुसरी बाजूही आहे. समोरचा जीव ओतून काम करतो म्हणून त्याला दोनशे कमी द्यायचे आणि वर 'कला' म्हणून पाठ थोपटायची, हा आपला मध्यमवर्गीय सदाचार आहे. आपण कौतुक रोख देतो आणि पैसे उधार ठेवतो.

डोंबिवलीला परतल्यावर तिसऱ्याच दिवशी कौंटरवर एक मावशी आल्या. साठीच्या पुढच्या. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं आहे. त्यांचा अंगठा माझ्या यंत्रात कधी जुळलेला नाही. त्यांना मी स्वतः दोनदा 'उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं.

त्यांनी सवयीनं अंगठा पुढे केला. यंत्रानं सवयीनं नाही म्हटलं. माझ्या तोंडात सवयीचं वाक्य आलं, आणि कमरेच्या डाव्या अंगाला काहीतरी कडक झालं.

मी खुर्ची त्यांच्यासाठी बाहेर सरकवली. यंत्राची काच पुसली. त्यांचे हात रुमालानं कोरडे केले. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. जोरात दाबलं तर उरल्यासुरल्या रेघाही पसरतात, म्हणून मी बोट नुसतं टेकवायला सांगितलं. रांगेतून कोणीतरी विचारलं, "साहेब, झोप लागली का?" मी म्हटलं, हे जमलं नाही तर पासबुकावरचा फोटो आहे, पैसे काढायची स्लिप आहे, साक्षीला मी आहे, पण आज या रिकाम्या हातानं जायच्या नाहीत. शेवटी डाव्या हाताची अनामिका लागली. जिला नावच नाही त्या बोटानं मावशींची ओळख पटवली. एकूण सात मिनिटं गेली.

पैसे कनवटीला लावताना मावशी म्हणाल्या, "हात हलका आहे हो साहेब तुमचा."

एका मालिशवालीनं दिलेलं हे प्रमाणपत्र. बँकेनं बावीस वर्षांत मला असं काही दिलेलं नाही.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. कन्या जेवायची थांबली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "बाबा! हीच तर पॅशन! ही कला आहे!"

"हळू बोल," मी म्हणालो. "बँकेला कळलं तर पगार कमी करतील."

ही म्हणाली, "अजून वाढू का थोडी?" मी वाढ म्हटलं. आमटी त्या दिवशी फार सुरेख झाली होती. तसं मी तिला सांगणार होतो; पण मामाजींचं वाक्य आठवलं आणि आधी उठून भांडी घासायला घेतली.

ते दोनशे रुपये मात्र अजून सस्पेन्सलाच आहेत.